अण्णांच्या रक्षेवर लावलेला आंबा वाळला, आता आईला काय सांगू?

*पत्र:*

आमचं गाव बार्शी तालुक्यात. अण्णा (माझे वडील) पौषात गेले, झोपेतच. वय ७८, आजारपण नाही, कुणाला त्रास नाही. दहाव्याला कावळासुद्धा लगेच शिवला. अस्थी भावानं पंढरपूरला चंद्रभागेत सोडल्या. रक्षा मात्र नदीत न टाकता आमच्या शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेऊन त्यात घातली आणि वर केशर आंब्याचं कलम लावलं. अण्णांना आंब्याचं वेड होतं. कलमाचे पैसे मी दिले. गावात कौतुक झालं, सरपंचांनी फोटो काढला.

फेब्रुवारीच्या शेवटी कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग जुन्या पानांचे शेंडे आणि कडा भाजल्यासारख्या झाल्या. एप्रिलमध्ये नुसती काडी उरली. तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही. म्हणते, "ह्यांचं काहीतरी राहिलंय, म्हणून झाड धरलं नाही." आत्या नारायण-नागबळी करा म्हणून मागे लागली आहे. पाणी घालायचं काम वहिनीकडे होतं, त्यावरून भाऊ तिला चारचौघांत बोलला. ती मुलांना घेऊन माहेरी गेली आहे. मी पुण्यात. रोज फोन करते, पण काय बोलावं कळत नाही. वर्षश्राद्धाला त्याच जागी दुसरं कलम लावलं तर आईच्या मनाचं समाधान होईल का?

– एक लेक

*उत्तर:*

ताई,

झाड का वाळलं, आईचं काय, वहिनींचं काय आणि पुढे काय, अशा चार गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत अडकल्या आहेत. मी झाडापासून सुरू करते. ते एकदा कळलं की बाकीचे गुंते निम्मे सैल होतील.

पाण्यावाचून मेलेलं झाड निराळं दिसतं. आधी सगळी पानं मलूल होऊन लोंबतात, मग झाड एकदमच तपकिरी होतं. तुमच्या कलमाचं तसं झालेलं नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही झाडाला लोह मिळत नसल्याची खूण. पानांच्या कडा करपणं ही मुळाशी क्षार साठल्याची. आंबा क्षाराच्या बाबतीत फार नाजूक. म्हणजे घोटाळा मुळाशी झालाय, आणि मुळाशी काय होतं ते तुम्हीच लिहिलंय.

चितेची राख म्हणजे लाकडाची राख आणि हाडांचा जळून उरलेला भाग. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागतं. त्याची काही किलो राख होते. मोठ्या माणसाच्या हाडांचे दोन-तीन किलो. त्यातल्या वेचलेल्या अस्थी पंढरपूरला गेल्या, बारीक चुरा रक्षेतच राहिला. या सगळ्यात चुना, पोटॅश, फॉस्फरस भरपूर असतं, थोडं मीठही असतं. झाडाला यातलं बरंचसं लागतं, म्हणून "राख म्हणजे खत" असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण लाकडाच्या ताज्या राखेचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) दहाच्याही वर असतो, आणि तुमच्या भागातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. त्यात भावानं अख्खी रक्षा एकाच खड्ड्यात, एकाच थरात ओतली आणि त्यावर पिशवीतली कोवळी मुळं ठेवली. कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीत त्या कलमानं कदाचित तग धरला असता. बार्शीत ते अवघडच होतं. मग वहिनींनी घागरीमागून घागरी ओतल्या असत्या तरी राखेतले क्षार विरघळून मुळांनाच भिडले असते.

भावाचंही यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रक्षा नदीत न सोडता शेतात घालायची आणि वर झाड लावायचं, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्याच्या कडेच्या कितीतरी गावांनी आपणहून उचलली आहे. चांगली पद्धत आहे. नदीवरचा भार कमी होतो, घरच्यांना जाऊन बसायला जागा मिळते. फक्त हार-फुलांच्या आणि फोटोंच्या गडबडीत रक्षा किती घालायची आणि झाड कोणत्या महिन्यात लावायचं, हे सांगायचं राहून जातं. माणूस काही पावसाळा बघून जात नाही. रक्षा तिसऱ्या दिवशी सावडली तरी झाडही तिसऱ्याच दिवशी लावायला हवं, असं कुठल्याही शास्त्रात नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, उकरून बघा. पण त्याआधी एक करा. काडीची साल नखानं जरा खरवडा, वरून खाली येत. कलमाचा जोड जिथे आहे (बोटभर गाठ दिसेल, प्लॅस्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर तीही एक अडचणच), त्याच्या खाली साल हिरवी, ओलसर निघाली तर खुंट जिवंत आहे. मग ते झाड उकरू नका. बुडापासून हातभर लांब, एका बाजूनं राख-माती काढून घ्या, तिथे चांगली माती आणि शेणखत भरा, पाणी द्या आणि पाऊस पडेपर्यंत वाट बघा. जोडाच्या खालून धुमारा फुटू शकतो. तो केशरचा नसेल, खालच्या गावठी कोयीचा असेल, म्हणजे रायवळ. वाढू द्या. पुढे वाटलं तर त्याच्यावर पाचर कलम बांधता येतं, नाहीतर रायवळच राहू द्या. आशा मात्र बेतानं धरा. एप्रिलपासून काडी असलेलं झाड परत येण्याची शक्यता थोडीच.

साल खालपर्यंत सुकी, तपकिरी निघाली तर मात्र भावाला घेऊन उकरा. मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचा, जसा लावला तसाच असेल, बाहेर एक पांढरं मूळ गेलेलं दिसणार नाही. आणि त्याच्या खाली पाणी पिऊन घट्ट झालेला राखाडी थर लागेल, चुन्याच्या निवळीखाली बसलेल्या साक्यासारखा. तो थर भावानं स्वतःच्या डोळ्यांनी बघणं गरजेचं आहे. वहिनींची बाजू घेऊन तुम्ही फोनवर जे सांगाल, त्याच्या दसपट ते काम करेल.

आता वहिनी. ताई, इथे थोडं कडू बोलते. कलमाचे पैसे तुमचे, खड्डा भावाचा, फोटो सरपंचांचा आणि पाणी तेवढं वहिनींचं, अशी ती वाटणी होती. मार्च-एप्रिलात तुमच्याकडे विहिरी कुठे जातात, शेतातली लाईट कोणत्या वेळी येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोन पोरं, सासू, जनावरं सांभाळून त्या बाईनं त्या काडीला पाणी घातलं असेल, आणि रोज पुण्याहून "पाणी घातलं का?" असा फोनही घेतला असेल. तुम्ही पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण रोज फोन करता असं लिहिलंय, म्हणून विचारते. असं झालं असेल तर तुम्हीच आधी त्यांना फोन करा. झाड पाण्यामुळे गेलेलं नाही, एवढं सांगा. "भावाच्या वतीनं माफी मागते" वगैरे नको, ती त्यानं स्वतः मागायची आहे, आणि चारचौघांत बोलला असेल तर चारचौघांतच. माहेरी जाऊन आणून सोडायला त्याला लाज वाटत असेल तर उकरलेल्या खड्ड्याचा फोटो आधी पाठवू द्या. बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरतं.

आईचं मात्र सामूनं आणि क्षारानं भागणार नाही. त्यांच्या मनात झाड म्हणजे अण्णाच झाले होते. माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तोच पुन्हा डोळ्यांसमोर वाळताना बघणं, हे त्यांनी सोसलंय. याला तुमच्याकडे उत्तर आहे आणि ते त्यांच्याच भाषेतलं आहे. दहाव्याला कावळा लगेच शिवला. आईच्या श्रद्धेत गेलेल्याचं काही राहिलंय का, हे विचारायची जागा ती. ते तिथे विचारून झालं, उत्तरही मिळालं. त्यानंतर अण्णा पुन्हा एका कलमातून वेगळंच काहीतरी सांगतील, असं तुमच्या घरातला कुठलाही जाणता माणूस म्हणणार नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा दहाव्याला घाटावर असलेल्या एखाद्या वयस्कर माणसानं, चुलत्यांनी किंवा तुमच्या गुरुजींनी आईसमोर बसून सांगावं. मुलीनं सांगितलं की ते समजूत घालणं वाटतं.

आत्यांच्या नारायण-नागबळीबद्दल. तो विधी त्र्यंबकेश्वरला करतात, तीन दिवसांचा असतो, आणि मुळात अपमृत्यू आलेल्यांसाठी सांगितला जातो. ७८ व्या वर्षी झोपेत गेलेल्या माणसाला तो कशाला? आईला स्वतःला कुठे जाऊन यावंसं वाटत असेल तर पंढरपूरला घेऊन जा, अस्थी तिथेच सोडल्या आहेत. पण वाळलेल्या कलमापायी कुणी हातउसने पैसे काढून विधीला जाऊ नये. आत्यांना हे सांगायचं काम तुमचं. भावावर आधीच पुष्कळ ओझं आहे. आणि आईचं जेवण आणखी पंधरा-वीस दिवसांत सुधारलं नाही तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. जोडीदार गेल्यावर म्हातारी माणसं भूक हरवून बसतात, त्याला झाड निमित्त असतं.

आता पुढचं झाड.

वर्षश्राद्धाला लावू नका. तुमचं वर्षश्राद्ध पौषात, म्हणजे साधारण जानेवारीत येणार. पुन्हा तोच महिना, पुन्हा समोर उन्हाळा. जूनमध्ये, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. चार महिने आभाळ पाणी देईल आणि मुळं खाली उतरून बसतील. खड्डा आत्ताच घ्या, दोन-दोन फुटांचा, म्हणजे त्याला ऊन मिळेल. तो जुन्या जागेपासून पंधरा-वीस फूट लांब घ्या. जुन्या खड्ड्यातली राखमिश्रित माती काढून सगळ्या रानात पातळ पांगवा. मूठ-मूठ अशी एकरभर पसरली तर पिकाला ती मानवते, ढीग झाला तर बाधते. आईला रक्षा हलवणं बरं वाटणार नाही, अशी भीती तुम्हाला असेल. त्यांना विचारून बघा. अण्णांनी जन्मभर अख्खं रान कसलं, एकच खड्डा कसला नाही. मला वाटतं त्या नाही म्हणणार नाहीत. नव्या खड्ड्यात आईच्या समाधानासाठी चिमूटभर घाला, त्याहून जास्त नको.

झाड कुठलं? केशरचं कलम पुन्हा आणू नका. नर्सरीतलं कलम दिसायला तयार झाड असतं, चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देतं, पण त्याचं सोटमूळ पिशवीत वळलेलं किंवा तुटलेलं असतं. त्याला दोन-तीन उन्हाळे कुणीतरी हातानं पाणी द्यावं लागतं, आणि तुमच्या घरात आत्ता त्या कामाचं कुणाला नाव काढायचं नाही. त्यापेक्षा कोय लावा. मे महिना आहे, आंबे घरात येताहेत. अण्णांना गावातल्या कुठल्या झाडाचा आंबा आवडायचा हे आईला विचारा. ते सांगताना त्या कदाचित महिन्यात पहिल्यांदाच दोन वाक्यं जास्त बोलतील. त्या झाडाचे पिकलेले आंबे मिळवा, खा, कोयी धुऊन सावलीत ठेवा. वर्षभर टिकतील म्हणून डब्यात भरून ठेवू नका. आंब्याच्या कोयीची उगवण झपाट्यानं कमी होते, दोन-तीन आठवड्यांत मातीत गेलेली बरी. पाण्यात टाकून बघा, तरंगतील त्या काढून टाका. बुडतील त्यांतल्या चार-पाच एकाच खड्ड्यात वीतभर अंतरानं लावा, फुगीर बाजू वर ठेवून, दोन बोटं मातीखाली. उगवतील त्यातलं जोमदार एक ठेवायचं. जागेवर उगवलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली जातं. पाणी कमी लागतं. फळाला आठ-दहा वर्षं लागतील, पण तुमची निकड फळाची नाही.

चार-पाच कोयी सांगितल्या त्याला आणखी एक कारण आहे. आईनं पुन्हा एकाच रोपात जीव गुंतवू नये. त्यातलं एखादं उगवणार नाही, एखादं वाळवी खाईल, आणि ते पहिल्यापासूनच ठरलेलं असेल. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यातल्या पिपलांत्रीचे तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची मुलगी किरण गेली, तेव्हा त्यांनी तिच्या आठवणीत झाड लावलं आणि मग गावाला सवयच लावली, मुलगी जन्मली की १११ झाडं. पालीवालांना पुढे पद्मश्री मिळाली. मला त्यातलं कौतुक वाटतं ते आकड्याचं नाही. तिथे आईबाप झाडं जगवू असं प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात, आणि वाळवी लागू नये म्हणून रोपांभोवती कोरफड लावतात. कोरफड तुमच्याकडेही परसात असेल. बाळं काढून खड्ड्याच्या कडेनं लावा, शेळीही जरा बिचकते. तरी बोराटीचं काटेरी कुंपण घाला, शेळीचा काय भरवसा.

आंबा नकोच, मन उडालंय, असं आई म्हणाल्या तर कडुनिंब लावा. तुमच्या जमिनीत, तुमच्या पावसात निंबाला पहिल्या उन्हाळ्यानंतर फारसं काही लागत नाही, आणि पावसाळ्यात मोठ्या निंबाखाली रोपं फुकट मिळतात. चिंचही तितकीच काटक, पण चिंचेवर कोण राहतं याच्या गोष्टी तुमच्या गावात नक्की असणार, आणि सध्या आत्यांच्या हातात आणखी एक विषय द्यायचा नाही. पिंपळ-वड सुचवतील पुष्कळजण. विहिरीपाशी नको, मुळं बांधकाम फोडतात.

जागेचंही एकदा भावाशी बोलून घ्या. अण्णा गेले, म्हणजे आज ना उद्या वारस नोंद होईल, वाटणीचा विषय निघेल. झाड कुणाच्या हिश्शात जाईल? बांधावर असेल तर शेजाऱ्याच्या ज्वारीवर सावली पडणार आणि दहा वर्षांनी भांडण होणार. बांधापासून आत लावा. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, खासगी जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. आईसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे, पण जमीन पुढे कुणाला विकायची असेल तर त्याला आधी माहीत असलेलं बरं.

पाण्याचं असं करा. अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा घट देतोच. यंदाचा सण होऊन गेला असेल, घरात तसला एखादा घट किंवा जुना माठ पडलेला असेल. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घाला, रोपापासून हातभर लांब गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा. भरला की काही दिवस झिरपत राहतो. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर त्याची खरी गरज. भरायचं काम कुणा एकीकडे देऊ नका. भावानं आठवड्याचा वार धरावा, आई सोबत जातील. तुम्ही गावी याल तेव्हा तुम्ही भरा. वहिनी परत आल्यावर त्यांना या कामातून पहिली दोन वर्षं पूर्ण मोकळं ठेवा, त्यांनी आपणहून हात लावला तर गोष्ट वेगळी.

राहिली ती काडी. आई असताना ती उपटून चुलीत घालू नका आणि उकिरड्यावरही टाकू नका. वाळलेली निघालीच तर नव्या रोपाच्या कुंपणात रोवून टाका, आणि बोराटीचे काटे तिला बांधा.

कोयी या आठवड्यात जमवा. हापूस बाजारात आलाय म्हणून त्याची कोय लावायचा मोह होईल, तो तुमच्या हवेत रमत नाही. गावातलाच आंबा बघा.